आबांचा राग रास्त आहे, पण चित्र मागं घेऊ नका

प्रश्न: आम्ही १४ वर्षांपासून डर्बीत राहतो. मुलगा १५ वर्षांचा आहे, शाळेत इतिहास घेतलाय. यंदा त्यांना ‘युद्ध आणि ब्रिटिश विनोद’ असा प्रकल्प आहे आणि त्यातली निवडक चित्रं ११ नोव्हेंबरच्या स्मरणदिनाला शाळेत लावणार आहेत. त्यानं एक व्यंगचित्र काढलं. ओळीनं थडगी, त्यांच्यापुढे खुर्चीत बसलेला मंत्री, एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात नावांची यादी, आणि खाली मोठ्या अक्षरांत, ‘थँक यू, नेक्स्ट!’ माझे सासरे सहा महिन्यांसाठी इथं आले आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. १९७१ च्या लढाईत त्यांचा जिवलग मित्र त्यांच्या शेजारीच पडला. चित्र पाहून आबा भरल्या ताटावरून उठले. ‘मेलेल्यांच्या थडग्यावर बसून हसायला शिकवतात का शाळेत?’ एवढंच बोलले. तेव्हापासून नातवाशी बोलणं बंद. मुलगा म्हणतो, इथं शंभर वर्षांपासून लोक युद्धावर विनोद करतात, आजोबांना ते कळत नाही. आमचे हे म्हणतात, चित्र मागं घे आणि विषय संपव. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं. काय करू? — एक आई, डर्बी

उत्तर:

ताई,

आधी सरळ उत्तर देते. चित्र मागं घ्यायला लावू नका. पण आत्ता जसं आहे तसं भिंतीवर लावूही देऊ नका. दोघांनाही खूश ठेवायचं म्हणून हे म्हणत नाही. त्या चित्रात एक खरी उणीव आहे, आबांच्या नजरेनं ती बरोबर पकडली, आणि ती भरून निघाली तर चित्र आत्ताच्या दुपटीनं बोलकं होईल.

तुमच्या मुलाला राग आहे तो खुर्चीत बसून माणसं मोजणाऱ्याचा. आबांना राग आहे तो सैनिकाच्या मरणाची किंमत न जाणणाऱ्याचा. राग एकच आहे, माणूसही एकच आहे. नातवानं तो कागदावर काढला आणि आबांना तो नातवातच दिसला. असं का झालं, हे समजायचं तर मार्च १९४२ मधलं एक चित्र बघा. तुमच्या मुलाला ते माहीत असण्याची बरीच शक्यता आहे, पण त्याच्यामागची हकिगत त्यानं नीट वाचावी असं मला वाटतं.

तेव्हा जर्मन पाणबुड्या अटलांटिकमध्ये तेलाची जहाजं बुडवत होत्या. इंग्लंडला पोचणारं पेट्रोल खलाशांच्या जिवावर येत होतं. त्यातच पेट्रोल एका पेनीनं महाग झालं. ६ मार्चच्या ‘डेली मिरर’मध्ये फिलिप झेक यांचं चित्र आलं. काळा समुद्र, बुडालेल्या जहाजाचा उरलेला तराफा आणि त्याला धरून पडलेला एकटा खलाशी. बाकी काही नाही. खाली ओळ होती, ‘पेट्रोलच्या दरात एक पेनीची वाढ (अधिकृत)’.

झेक यांना म्हणायचं होतं की बाबांनो, पेट्रोल उधळू नका, त्याची खरी किंमत हा माणूस मोजतोय. त्यांनी स्वतः लिहिलेली ओळ साधी होती. ‘कॅसँड्रा’ या नावानं सदर लिहिणारे त्यांचे सहकारी विल्यम कॉनर यांनी ती बदलून जास्त धारदार केली. आणि सरकारनं वाचलं ते भलतंच: तेलकंपन्यांना चार पैसे जास्त मिळावेत म्हणून खलाशी मरतायत, आणि सरकार त्याला हातभार लावतंय. चर्चिल भडकले. गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांनी ‘मिरर’च्या मंडळींना बोलावून घेतलं आणि सांगितलं, असंच चालू राहिलं तर वर्तमानपत्र बंद करू. ती पोकळ धमकी नव्हती. त्याच युद्धकाळच्या नियमाखाली जानेवारी १९४१ मध्ये कम्युनिस्टांचं ‘डेली वर्कर’ त्यांनी खरोखरच बंद केलं होतं. गुप्तचर खात्यानं झेक यांची पार्श्वभूमी तपासली. ज्या माणसाला हिटलरचा मनापासून तिटकारा होता, ज्याचं घराणं ज्यू होतं, त्याच्याच निष्ठेवर संशय घेतला गेला. संसदेत वाद झाला. बऱ्याच खासदारांनी वर्तमानपत्राची बाजू घेतली आणि प्रकरण ताकिदीवर निभावलं.

ताई, ही हकिगत एवढ्या तपशिलानं सांगते आहे कारण तुमच्या जेवणाच्या टेबलावर नेमकं हेच घडलं. खलाशाच्या बाजूनं काढलेलं चित्र खलाशाची विटंबना म्हणून वाचलं गेलं. चित्रात चूक नव्हती. खालची ओळ कोण बोलतंय, हे पाहणाऱ्याला पहिल्या नजरेत कळलं नाही. सरकार बोलतंय, व्यापारी बोलतोय की चित्रकार बोलतोय? तुमच्या मुलाच्या चित्रातही ‘थँक यू, नेक्स्ट!’ ही ओळ थडग्यांच्या खाली, मोठ्या अक्षरांत आहे. ती मंत्र्याच्या तोंडातून निघालेली नाही, सगळ्या चित्रानं म्हटल्यासारखी दिसते. मित्राला डोळ्यांदेखत गमावलेल्या माणसाला ती थडग्यांवर मारलेली कोटी वाटली, यात नवल काय?

आता दुसरं चित्र पाहा, कारण झेक यांच्यावरची टीका वाचून मुलगा म्हणेल की मग माझंही बरोबरच होतं. २० सप्टेंबर १९३९ च्या ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’मधलं डेव्हिड लो यांचं चित्र. पोलंडवर आधी हिटलर चालून गेला होता आणि तीनच दिवसांपूर्वी दुसऱ्या बाजूनं स्टालिनच्या फौजा घुसल्या होत्या. लो यांनी दोघांना समोरासमोर उभं केलंय. दोघंही टोपी काढून कमरेत वाकून मुजरा करतायत, आणि तोंडानं एकमेकांना शिव्या घालतायत. हिटलर विचारतो, ‘जगातली घाण ती आपणच ना?’ स्टालिन उलट विचारतो, ‘कामगारांचे खुनी ते आपणच वाटतं?’ आणि दोघांच्या मध्ये जमिनीवर एक प्रेत पडलंय.

मुलाला त्या प्रेताकडे बघायला सांगा. हिटलरचं वाकणं हास्यास्पद आहे, स्टालिनचं हसू हास्यास्पद आहे. पण त्या पडलेल्या माणसाची रेष साधी आहे. त्याचं नाक लांब केलेलं नाही, हातपाय वेडेवाकडे करून गंमत केलेली नाही. झेक यांचा खलाशीही तसाच. त्याच्या अंगावर एक रेघही थट्टेची नाही. ब्रिटिश व्यंगचित्रकारांच्या युद्धातल्या उत्तम चित्रांत मला हे पुन्हा पुन्हा दिसतं: ज्याचा जीव गेला त्याला सरळ काढायचं, वाकडी रेष राखून ठेवायची ती वर बसलेल्यांसाठी. तुमच्या मुलानं थडगी कशी काढली आहेत हे तुम्ही लिहिलं नाही. ती जर कार्टूनसारखी तिरकी, डुगडुगणारी असतील, तर ती आधी सरळ करायला हवीत. माझा अंदाज आहे की आबांना शब्दांआधी तेच खटकलं असेल.

लो मूळचे न्यूझीलंडचे. आबांना आर. के. लक्ष्मण यांचा सामान्य माणूस ठाऊक असणारच. लक्ष्मण लहानपणी ज्यांची चित्रं बघत वाढले ते हे लो. हिटलरला अक्राळविक्राळ राक्षस म्हणून काढणं त्यांनी टाळलं. असल्या चित्रांनी हुकूमशहा सुखावतो, आपण मूर्ख दिसतो हे मात्र त्याला सोसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ते खरं निघालं. १९३७ मध्ये लॉर्ड हॅलिफॅक्स जर्मनीला गेले तेव्हा गोबेल्सनं त्यांच्याकडे ब्रिटिश वर्तमानपत्रांची आणि विशेषतः लो यांच्या चित्रांची तक्रार केली. हॅलिफॅक्स यांनी परत येऊन लो यांना जरा हात आखडता घ्यायला सांगितलं. लो यांनी थोडे दिवस घेतलाही. मार्च १९३८ मध्ये हिटलर ऑस्ट्रियात शिरला आणि लो पुन्हा पूर्वीसारखे काढू लागले. इंग्लंड जिंकल्यावर कुणाकुणाला पकडायचं याची जी यादी नाझींनी तयार केली होती, तिच्यात त्यांचं नाव होतं. गंमत म्हणून चित्रं काढणाऱ्याचं नाव अशा यादीत येत नाही, हे आबांना जरूर सांगा.

पण आबांचं मन वळायचं असेल तर ते लो यांच्यामुळे वळणार नाही. लो लंडनच्या कचेरीत बसत होते. आबांना खंदकातल्या माणसाचं ऐकायला आवडेल. म्हणून त्यांच्यापुढे ‘वायपर्स टाइम्स’ हे खंदकातल्या सैनिकांनी काढलेलं वर्तमानपत्र ठेवा. आणि हे तर तुमच्या गावाच्या माणसांचं आहे.

बेल्जियममधलं ईप्र हे गाव ब्रिटिश सैनिकांच्या तोंडी ‘वायपर्स’ झालं होतं. पहिल्या महायुद्धात, १९१६ च्या सुरुवातीला तिथं शेरवुड फॉरेस्टर्सची १२ वी बटालियन होती. ही रेजिमेंट नॉटिंगहमशर आणि डर्बीशर या दोन परगण्यांची. कॅप्टन फ्रेड रॉबर्ट्स आणि लेफ्टनंट जॅक पिअर्सन यांना गावाच्या ढिगाऱ्यात एक छापखाना सापडला. बटालियनमध्ये एक सार्जंट होता, तो युद्धाआधी मुद्रक होता. त्यानं यंत्र चालू करून दिलं. खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, इतके कमी होते की एका वेळी एकच पान जुळवता यायचं. ते छापायचं, खिळे सोडवायचे, मग दुसरं पान. वरून तोफगोळे पडत असताना १२ फेब्रुवारी १९१६ ला पहिला अंक निघाला. पुढे ते यंत्र गोळा पडून निकामी झालं, यांनी दुसरं मिळवलं. पलटण हलली की वर्तमानपत्राचं नावही बदलायचं. फ्रान्समधल्या सोमच्या आघाडीवर गेले तेव्हा ते ‘सोम टाइम्स’ झालं. युद्ध संपेपर्यंत ते अधूनमधून निघत राहिलं.

त्यातल्या जाहिराती आबांना मोठ्यानं वाचून दाखवा. ईप्रचं क्लॉथ हॉल म्हणजे मध्ययुगातली भव्य बाजारपेठ. जर्मन तोफांनी तिच्या नुसत्या भिंती उभ्या ठेवल्या होत्या. यांनी तिथल्या नाटकाच्या खेळाची जाहिरात दिली आणि खाली लिहिलं, ‘गावातलं सर्वांत हवेशीर सभागृह’. दुसरी जाहिरात घरासाठी जागा विकण्याची. ‘हिल ६० वर घर बांधा. स्वच्छ, मोकळी, उत्साहवर्धक हवा. ऐतिहासिक ईप्र नगरीचं उत्तम दर्शन.’ ही टेकडी तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होती, आणि तिच्यासाठी शेकड्यांनी माणसं मेली होती. जाहिरातीखाली चौकशीचा पत्ता दिला होता तो मेनिनच्या ‘बॉश आणि कंपनी’चा. बॉश हे जर्मनांना ठेवलेलं नाव, म्हणजे जर्मनांनाच विचारा.

आणि ही तिसरी, माझी सर्वांत आवडती. ‘तुम्ही आशावादाला बळी पडला आहात का?’ असं विचारून तिच्यात औषधाच्या जाहिरातीसारखी लक्षणं दिली आहेत. तुम्हाला आनंदीपणाचा त्रास होतो का? सकाळी उठल्यावर दोस्त राष्ट्रांचं सगळं ठीक चाललंय असं वाटतं का? युद्ध वर्षभरात संपेल असं वाटतं का? आपले वरिष्ठ हे युद्ध जिंकून द्यायला समर्थ आहेत असं तुम्ही मानता का? एकाही प्रश्नाला हो म्हणालात तर तुम्हाला तो भयंकर आजार झालाय. काळजी नको, आमच्याकडे दोन दिवस राहायला या, समूळ बरा करून पाठवू.

ती दोन दिवस राहायची जागा म्हणजे आघाडीवरचा खंदक. हे लिहिणारे स्वतः तिथंच राहत होते, हे लक्षात घ्या. रॉबर्ट्स आणि पिअर्सन दोघांनाही शौर्याबद्दल मिलिटरी क्रॉस मिळाला. सेनापतींच्या अकलेवर ते उघड प्रश्न करतायत आणि त्याच सेनापतींच्या हुकमावर दुसऱ्या दिवशी खंदकाबाहेर पडतायत. लंडनच्या वर्तमानपत्रांत आघाडीची रंगवून वर्णनं लिहिणाऱ्या बातमीदारांची आणि पंडितांची त्यांनी नावं उलटीपालटी करून खिल्ली उडवली, कारण त्या मंडळींच्या लिखाणातलं युद्ध त्यांना कुठं दिसत नव्हतं. सैनिकांकडून कवितांचा इतका पूर आला की संपादकांना एका अंकात विनवणी करावी लागली: तरुण अधिकारी एका हातात वही आणि दुसऱ्या हातात बॉम्ब घेऊन काटेरी तारांजवळ तंद्रीत फिरताना दिसतायत, कृपा करून आवरा.

मेलेल्या साथीदारांची थट्टा या पानांत तुम्हाला सापडणार नाही. चिखल, उंदीर, रम, गॅस, वरिष्ठ, वर्तमानपत्रवाले, शत्रू आणि स्वतः, या सगळ्यांची आहे. मेलेल्यांची नाही. इथं आबा आणि शेरवुड फॉरेस्टर्सचे ते दोघे एकाच बाजूला आहेत.

ईप्रच्या मेनिन गेटवर ज्यांचे देह सापडले नाहीत अशा ५४,००० हून जास्त सैनिकांची नावं कोरली आहेत, त्यांत भारतीय पलटणींतलीही आहेत. आबांना हे माहीत नसेल तर मुलाला ती नावं शोधून त्यांना दाखवू द्या. त्याच्या प्रकल्पातही ते यायला हवं. ईप्र हे फक्त इंग्रजांचं दुःख नव्हतं.

मुलगा म्हणतो तशी ही परंपरा शंभर वर्षांचीच नाही. नेपोलियनशी लढाई चालू असताना, फेब्रुवारी १८०५ मध्ये, जेम्स गिलरे यांनी नेपोलियन आणि ब्रिटनचे पंतप्रधान पिट यांना एका टेबलावर बसवून पृथ्वीचं पुडिंग कापायला लावलं. त्यात आपला पंतप्रधानही शत्रूइतकाच हावरा दिसतो. पहिल्या महायुद्धात खंदकातून परतलेल्या ब्रूस बेअर्न्सफादर यांच्या चिखलातल्या म्हाताऱ्या शिपायावर घरोघरचे लोक हसले, आणि पुढे युद्धखात्यानं त्यांना हेच काम दिलं. दुसऱ्या महायुद्धात विनोदी नट टॉमी हँडली यांच्या बीबीसीवरच्या कार्यक्रमात ‘त्रास आणि गूढ खातं’ नावाचं सरकारी खातं होतं. दिवे मालवून अंधारात रात्री काढणारे लोक दर आठवड्याला ते ऐकून पोट धरून हसायचे, कारण दिवसभर तेच लोक रेशनकार्ड घेऊन खऱ्या खात्यांच्या रांगेत उभे असायचे.

तरीही मुलाला एक गोष्ट स्पष्ट सांगा. इथं सगळे असंच करतात, हे कारण पुरेसं नाही. इथल्या लोकांनी वाईटही केलंय. फॉकलंडच्या युद्धात २ मे १९८२ ला ब्रिटिश पाणबुडीनं अर्जेंटिनाची ‘जनरल बेलग्रानो’ ही युद्धनौका बुडवली. तिच्यावरची ३२३ माणसं मेली. ‘द सन’नं मथळा दिला, ‘गॉचा’, म्हणजे कसं पकडलं! मेलेल्यांचा आकडा मोठा असणार हे दिसू लागल्यावर त्यांनी नंतरच्या आवृत्तीत तो बदलला. पण छापला गेला तो गेलाच, आणि आज त्या युद्धाबद्दल बोलताना लोकांना तो आठवतो. ‘प्रायव्हेट आय’ या उपरोधिक पाक्षिकानं त्याच वृत्तीची टर उडवायला एक खोटा मथळा रचला: एक अर्जेंटिनी मारा आणि मेट्रो मोटार जिंका. दोन्ही मथळे क्रूर दिसतात. पहिला बुडालेल्या माणसांवर हसतो. दुसरा त्या हसणाऱ्यावर. आबांची भीती पहिल्या जातीच्या हसण्याची आहे, आणि ती भीती बाळगायला त्यांना पूर्ण अधिकार आहे.

आणखी एक गोष्ट आबा कदाचित बोलतील, नाही बोलले तरी मुलाला ती ठाऊक असलीच पाहिजे. ब्रिटिशांना स्वतःवर हसता येतं याचं कौतुक करताना, हा मोकळेपणा त्यांनी कुणाला दिला आणि कुणाला नाही, हेही लिहायला हवं. घरच्या घरीही तो अमर्याद नव्हता. १९४० च्या उन्हाळ्यात निराशेचं काही बोलल्याबद्दल साध्या लोकांवर खटले झाले, आणि ओरड झाल्यावर जुलैत चर्चिल यांना ती मोहीम गुंडाळावी लागली. पण आपल्याकडे? ‘केसरी’तल्या लेखांसाठी टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा देऊन मंडालेला पाठवलं. मार्च १९४२ मध्ये ‘मिरर’ ताकिदीवर सुटला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, ‘चले जाव’नंतर, गांधीजींचं ‘हरिजन’ बंद पाडलं गेलं. तिथं प्रकरण ताकिदीवर निभावलं नाही. हे दोन्ही प्रसंग एकाच पानावर शेजारी शेजारी मांडणारा मुलगा त्या वर्गात बहुधा तुमचाच असेल. हे मांडायला त्याला आजोबांची मदत लागेल, आणि मदत मागायचं ते चांगलं निमित्त आहे.

आता घरात काय करायचं ते.

तुम्ही पत्रात एक गोष्ट लिहिली नाही, पण ती मला ओळींमधून दिसते. चित्र इंग्रजीत आहे, मुलाचं मराठी तोडकंमोडकं असणार, आबांचं इंग्रजी कामापुरतं. मग मध्ये तुम्ही दुभाष्या होता, आणि दोघांचा राग तुमच्यातून गाळून एकमेकांकडे जातो. या वेळी मध्ये पडू नका. मुलानं स्वतः आबांपुढे बसून जमेल तशा मराठीत सांगावं की या चित्रात मला राग कुणाचा आला आहे. अडखळला तर अडखळू दे. शब्द अडला तर आबाच देतील.

पण त्याच्याआधी त्यानं आबांना विचारावं. चित्राबद्दल नाही, पलटणीबद्दल. तुम्ही बरॅकमध्ये कुणाची नक्कल करायचात? कुठल्या साहेबाला काय नाव ठेवलं होतं? रात्री पहाऱ्यावर जागं राहायला काय बोलायचात? सैन्यातला माणूस हसला नाही असं होत नाही. आबांचा तो मित्रही हसणारा असेल. त्याच्याबद्दल विचारायचं की नाही हे मात्र आबांवर सोडावं. त्यांनी विषय काढला तर ऐकावं, नाही काढला तर उकरू नये. या वयाच्या फौजींकडे अशी एखादी आठवण असते की ती त्यांनी बायकोलाही सांगितलेली नसते. ती ओढून काढायचा हक्क शाळेच्या प्रकल्पाला नाही.

माफी मागायला लावू नका. मुलाला ती खोटी वाटेल आणि आबांना ती खोटी आहे हे कळेल. आणि ‘आजोबांना कळत नाही’ हे वाक्य मात्र त्यानं परत घ्यावं, ते आबांच्या समोर. वर्गातल्या कुणापेक्षाही युद्ध त्यांना जास्त कळतं.

मग दोघांनी मिळून चित्राकडे बघावं. मुलाला माझ्या तीन सूचना आहेत. थडगी साधी, सरळ, एका रांगेत, विनोदाविना. मंत्र्याची नजर कपाकडे किंवा घड्याळाकडे असावी, थडग्यांकडे नको. त्यानं बघितलंच नाही, हाच तर त्याचा गुन्हा आहे. आणि ती ओळ खालून काढून मंत्र्याच्या तोंडातून फुग्यात, लहान अक्षरांत यावी, म्हणजे कोण बोलतंय याबद्दल शंका उरणार नाही. कदाचित ओळीची गरजच उरणार नाही. आधी ओळीशिवाय कच्चं चित्र काढून आबांना दाखवावं आणि विचारावं, हा माणूस कोण आहे? आबांनी मंत्र्यावर दोन अस्सल फौजी शिव्या हासडल्या, तर चित्र जमलं असं समजा.

तुमच्या यजमानांना म्हणावं, विषय असा संपत नाही. चित्र मागं घेतलं तर मुलगा पुढच्या वेळी आबांना दाखवल्याशिवाय काढेल, एवढाच फरक पडेल.

राहिली शाळा. तुम्ही इतिहासाच्या शिक्षकांना आधीच भेटा आणि सांगा की घरात सैनिक आहे, त्याच्या भावना अशा आहेत. चित्र मृत सैनिकांच्या आठवणीसाठी ठेवतात त्या लाल पॉपीच्या फुलांजवळ किंवा दोन मिनिटांचं मौन पाळतात त्या जागी लावू नका म्हणावं, इतिहासाच्या प्रकल्पांच्या भिंतीवर लावा, आणि शेजारी मुलानं लिहिलेला चार ओळींचा मजकूर असू द्या: हे चित्र कुणावर आहे आणि का. शिक्षकांना यात काही अवघड वाटू नये. आबांना प्रदर्शनाला यायचं असेल तर सकाळच्या मौनाला न्या, तिथं ते सगळ्यांत पुढे उभे राहायला हवेत, आणि चित्र बघायचं की नाही ते त्यांना तिथंच ठरवू द्या.

एवढं करूनही आबा म्हणाले की हे मला बघवत नाही, तर तेवढ्यावर थांबा. चित्र शाळेत लागेल, घरात नको. मुलानंही ते टेबलावर उघडं टाकू नये, वहीत ठेवावं. बोलणं सुरू व्हायला आठवडा लागो की महिना, पलटणीबद्दलचे प्रश्न विचारत राहा म्हणावं.